भाकरी कुठे मोडावी?

मराठी शाळेत मास्तरकी करताना हातून घडलेली एक चूक सांगून सुरुवात करतो. लेख वरकरणी इटालियन भाषेवरचा असला, तरी त्याचे मूळ त्या चुकीत आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सीमाभागातल्या एका शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. शुद्धलेखनात मी वाक्य घातले : ‘आई भाकरी थापते.’ घरी कन्नड बोलणाऱ्या एका मुलीने लिहिले, ‘आई बाकरी थापते.’ मी तांबड्या शाईने फुली मारली, इतकेच नव्हे तर तिला उभे करून ते वाक्य मोठ्याने वाचायला लावले. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, ‘आई बकरी थापते!’ वर्ग हसला, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने कुठल्याही निबंधात ‘भाकरी’ हा शब्द लिहिला नाही. जिथे भाकरी यायला हवी तिथे ती ‘जेवण’ लिहायची. हे माझ्या ध्यानात आले, पण त्याचा अर्थ मात्र कळला नाही. तो कळला निवृत्तीनंतर, आणि तोही परक्या देशाच्या भाकरीवरून.

माझा एक भाचा जहाजावर नोकरीला होता. जिनोव्हा बंदरातून त्याने मला तिथल्या शाळेतले एक जुने व्याकरण आणून दिले. वेळ भरपूर होता, तेव्हा कोश घेऊन बसलो. पहिल्याच धड्यात शब्द भेटला ‘पाने’, म्हणजे पाव. मूळ लॅटिन ‘पानिस’. हा शब्द आपल्या घरचाच निघाला! पोर्तुगीजांनी त्याच लॅटिन शब्दाचा नाकातला ‘पांव’ केला, तो गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि आपला ‘पाव’ झाला. भल्या पहाटे सायकलचा भोंगा वाजवत येणारा गोव्यातला पोदेर, तोही त्याच मुळाचा : पोर्तुगीज ‘पादेइरो’, पाव करणारा. पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, ही लहानपणी ऐकलेली व्युत्पत्ती त्या दिवशी मी सोडून दिली.

पुढच्या धड्यात शब्द तोडायचे होते. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तो कुठे मोडावा, याचे नियम इटालियन मुलांना लहानपणीच शिकवतात. ‘पान’ हे मूळ, त्याला प्रत्यय लागून कुटुंब वाढते. ‘पानीनो’ म्हणजे छोटा पाव. ‘पानेत्तो’ हाही लहानच. पण त्यावर मोठेपणाचा ‘ओने’ चढला की ‘पानेत्तोने’ होतो, मिलान शहरातला नाताळचा उंच गोड पाव. आधी लहान करायचे, मग त्याच लहानाला मोठे करायचे! ‘पानेत्तिएरे’ हा पाव करणारा, आणि ‘कोम्पानातिको’ म्हणजे पावाबरोबर जे खायचे ते. या शेवटच्या शब्दाला आपल्याकडचा ‘कोरड्यास’ जसाच्या तसा बसतो.

आता गंमत पाहा. अर्थाच्या दृष्टीने तोडायचे तर ‘पान’ अखंड ठेवून ‘पान-ए’, ‘पान-ईनो’ असे तोडायला हवे. पण नियम सांगतो : पा-ने, पा-नी-नो, पा-नेत्-तो-ने, कोम्-पा-ना-ती-को. दोन स्वरांमध्ये एकटे व्यंजन सापडले की ते पुढच्या स्वराकडे जाते. द्वित्त असेल तर त्याचे दोन भाग होतात. मुळाची दया कोणी करीत नाही. उलट व्हेरोना शहरातला ‘पान्दोरो’ किंवा सिएनाचा ‘पान्फोर्ते’ घ्या. तिथे ‘पान’ला धक्का लागत नाही, कारण त्याच्यापुढे ‘द’ आणि ‘फ’ उभे आहेत : पान्-दो-रो, पान्-फोर्-ते. मूळ तेच, ते अखंड राहते की तुटते, हे शेजारी कोण बसले यावर ठरते.

हे आपल्याला नवे नाही. ‘अनुपयोगी’ शब्दात ‘अन्’ आणि ‘उपयोगी’ असे दोन तुकडे आहेत, पण तोंड म्हणते अ-नु-प-यो-गी. इटालियनमध्ये याच अर्थाचा ‘इन्’ आणि ‘ऊतिले’ मिळून ‘ई-नू-ती-ले’ होतो, निरुपयोगी. ‘स’च्या जोडाक्षराचेही तसेच. पास्ता हा शब्द वेगळ्या मुळाचा. तो लिहिताना पा-स्ता असाच तोडायचा, ‘स’ पुढच्या अक्षराबरोबर. पण ‘पाने’ म्हणताना इटालियन माणूस ‘पा’ लांबवतो आणि ‘पास्ता’ म्हणताना तोच ‘पा’ आखडतो. म्हणजे कानाला ते ‘पास्-ता’च असते. आपणही पु-स्त-क लिहितो आणि पुस्-तक बोलतो. पुढे जोडाक्षर आले की मागचे लघू अक्षर गुरू होते, हा वृत्तांचा नियम याच जागेवर उभा आहे. अर्थाची शिवण एक, श्वासाची दुसरी आणि लेखणीची तिसरी.

कधी कधी मूळ तुटते एवढेच नव्हे, विरघळते. ‘को-म्पा-’ असे न तोडता कोम्-पा-न्यो असा तोडायचा ‘कोम्पान्यो’ म्हणजे सोबती. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कुम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ मिळून हा शब्द झाला : ज्याच्याबरोबर भाकरी मोडली तो. बोलता बोलता ‘न’ आणि ‘इ’ यांचा एकच मऊ उच्चार झाला आणि मूळ डोळ्यांआड गेले. याच शब्दावरून ‘कोम्पान्यीआ’. चौदाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुत्सी या सावकारी घराण्यांच्या पेढ्यांना हेच नाव होते. त्याच घराण्यातला शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, ‘कंपनी’. एका ताटात खाणाऱ्यांचा शब्द कंपनी सरकारच्या माथ्यावर बसला!

हे नियम ठरवणाऱ्यांची कथाही पिठाशीच जोडलेली आहे. १५८३ साली फ्लॉरेन्समध्ये ‘क्रुस्का’ ही विद्वानांची संस्था उभी राहिली. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेतला कोंडा काढून पीठ ठेवायचे, म्हणून पीठ चाळण्याचे यंत्र हे तिचे चिन्ह. लिओनार्दो साल्व्हियाती या तिच्या पुढाऱ्याने स्वतःला नाव घेतले ‘पीठ माखलेला’. दांते, पेत्रार्का, बोक्काच्चो यांच्या चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सी भाषेला प्रमाण मानून संस्थेने १६१२ साली मोठा कोश काढला. चाळणी इतकी बारीक, की तास्सोसारखा महाकवी त्यात कोंडा ठरला. १६९१च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली. पाचव्या आवृत्तीचे काम १८६३मध्ये छापायला लागले आणि १९२३ साली ‘ओ’ अक्षरावर थांबले. ‘पी’पर्यंत गाडी गेलीच नाही, म्हणजे पीठ चाळणाऱ्यांच्या शेवटच्या कोशात पावच आला नाही.

पण मला अडवले ते दुसऱ्याच गोष्टीने. हा पहिला कोश छापला गेला व्हेनिसमध्ये, आणि व्हेनिसच्या बोलीत द्वित्त व्यंजने नाहीत. फ्लॉरेन्सची ‘गाल्लीना’, म्हणजे कोंबडी, तिथे ‘गालीना’. मिलानच्या बोलीतही तसेच. ज्या गावचा पानेत्तोने, त्याच गावाला त्यातला जोड ‘त’ घरी शिकायला मिळत नाही. १८६१ साली इटली एक झाली तेव्हा किती लोकांना इटालियन येत होते? तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ साली अंदाज केला, शंभरात अडीच. पुढे कास्तेल्लानी यांनी तो दहाच्या जवळपास नेला. तो धरला तरी नव्वद जणांच्या घरची भाषा निराळी. व्हेनिसकडचे पोर शाळेत ‘गालीना’ लिहिते तेव्हा ते चुकत असते हे खरे. पण त्याच्या आईच्या तोंडी जे बरोबर, तेच ते लिहीत असते.

हे वाचून मी पुस्तक मिटले. कन्नड लिपीत ‘भ’ आहे. परंतु अस्सल कन्नड बोलीतल्या शब्दांना महाप्राणाचे फारसे काम पडत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीने भाकरी आपल्या घरच्या शिवणीवर मोडली होती. तिचा कान शाबूत होता. मी त्यालाच कोंडा म्हणून फेकले.

आज ती वही पुन्हा हाती आली तर ‘भ’ मी अजूनही शिकवीन. ‘भ’शिवाय मराठी भाकरी होत नाही, आणि नियम न शिकवणे ही मास्तराची दया नव्हे, आळस आहे. फक्त तिला उभे करणार नाही. जवळ बसवून विचारीन, ‘बाळ, तुझ्या घरी याला काय म्हणतात?’ आणि ती जे सांगेल, ते तिच्या शब्दाशेजारी, निळ्या शाईने, मीच लिहीन.