ओवेन्स खोऱ्याचे पाणी

कॅलिफोर्नियातील ओवेन्स नदीचे पाणी लॉस एंजलिस शहराने चोरले, असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक शहराने ते विकत घेतले. १९०५ साली माजी महापौर फ्रेड ईटन नदीकाठच्या जमिनी खरेदी करू लागले, तेव्हा हे सारे सरकारी पाटबंधारे योजनेसाठीच आहे, अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. ती कोणी दूर केली नाही. जमिनीबरोबर पाण्याचा हक्कही गेला. १९१३ साली सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग शहरापर्यंत पोहोचला.

अवर्षणामुळे शहराची खरेदी वाढताच १९२४ च्या मे महिन्यात जलमार्गाला सुरुंग लागला. नोव्हेंबरात सत्तरएक माणसांनी अलाबामा येथील दरवाजे ताब्यात घेऊन पाणी नदीच्या दिशेने सोडून दिले. बायकामुलेही तेथे येऊन राहिली; चार दिवस जणू जत्राच भरली. परंतु लढ्याचे पुढारी वॉटरसन बंधू यांची पेढी १९२७ साली बुडाली आणि ठेवींच्या अपहाराबद्दल त्यांना शिक्षा झाली. हा घाव घरचाच होता. प्रतिकार तेथेच संपला.

वाटाघाटींना बळ आले ते फार उशिरा. १९७२ साली इन्यो परगण्याने भूजलाच्या उपशाविरुद्ध पर्यावरण कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली. १९९१ च्या करारानुसार झाडाझुडपांना पुरेशी ओल जमिनीत उरली नाही, तर त्या भागातील विहिरींचा उपसा थांबवायचा, असे ठरले. डिसेंबर २००६ मध्ये नदीच्या खालच्या सुमारे शंभर किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी वाहिले. पात्राच्या शेवटी बसवलेले पंप त्यातले काही पाणी उचलून शहराच्या जलमार्गात चढवतात.