कार्ड पाच लाखांचे, केंद्र सहा खाटांचे

बोर्ली पंचतनला रात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर त्याच्या खिशात पाच लाखांचे कार्ड असते आणि समोर वळणावळणाचा रस्ता. आधी श्रीवर्धन, नाहीतर म्हसळा ओलांडून माणगाव, आणि हृदयाची शस्त्रक्रिया हवी असेल तर त्याहूनही पुढे पनवेल-नवी मुंबईकडे. आरोग्यविम्याचा वाद आम्ही म्हणून इथून मांडतो आहोत.

आपल्या राजकारणात हा वाद रकमेचा आणि नावाचा झाला आहे. 2008 साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, कुटुंबाला 30 हजारांचे संरक्षण. 2 जुलै 2012 रोजी राज्याने राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यात रायगड होता. संरक्षण दीड लाखाचे, आणि सरकार दर कुटुंबामागे 333 रुपये विमा कंपनीला भरत होते. 2017 मध्ये सत्ता बदलल्यावर त्याच योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव लागले. 2018 ला आयुष्मान भारत, 2020 ला दोन्हींची सांगड, 2023 ला सर्वांना पाच लाखांचा निर्णय. फुल्यांचे नाव लागले तेव्हा आपल्यातले अनेकजण हरखले. पण हप्ता कोण भरतो, कोणाला भरतो आणि त्या पैशातून गावात काय उभे राहते, हे किती जणांनी विचारले?

अमेरिकेत याच हप्त्यावरच्या अनुदानापायी 2025 मध्ये 43 दिवस सरकारी कामकाज ठप्प होते. एक पक्ष म्हणत होता अनुदान चालू ठेवा, दुसऱ्यातले काही म्हणत होते कंपनीऐवजी पैसे थेट लोकांच्या खात्यात टाका. दवाखाना कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न दोघांनीही बाजूलाच ठेवला होता.

बाबासाहेबांनी तो बाजूला ठेवला नव्हता. 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांची भूमिका अशी होती की जनतेच्या कल्याणाचा भार मुख्यतः सरकारचा आहे, आणि मालकालाही त्या श्रमाचा लाभ होतो, म्हणून त्यालाही सुटका नाही. 1929 ला कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बायांपुरता. बोर्ली तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात, त्यामुळे मुंबई इलाख्याचा कायदा इथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. 1944 ला अहवाल आला, त्यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगार आणि मालक दोघांची वर्गणी, आणि त्यातून विम्याचे स्वतःचे दवाखाने आणि रुग्णालये. हा फरक महत्त्वाचा आहे. इथे हप्ता भरून भिंती उभ्या राहिल्या, डॉक्टर नेमले गेले.

मात्र त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोकणातल्या घरातला एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, त्याला विमा. दुसरा भाऊ गावात सुपारीच्या वाडीत मजुरी करतो किंवा आई मासळीची पाटी उचलते, त्यांना काही नाही. गिरणीतही विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, म्हणजे विमा मिळाला तरी कमी पगाराच्या खात्यातला. आणि 1982 च्या संपानंतर ज्यांची नोकरी गेली, त्यांचा विमाही नोकरीबरोबर गेला.

गावासाठीचा आराखडा दुसरीकडे तयार झाला होता. 1946 च्या भोर समितीने सांगितले की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहता कामा नये, आणि दीर्घ पल्ल्यात 10 ते 20 हजार लोकांमागे 75 खाटांचे रुग्णालय असावे. आजच्या निकषात प्राथमिक आरोग्य केंद्राला 6 खाटा आहेत. पंचाहत्तरच्या सहा कशा झाल्या, हे ज्यांनी वर्षानुवर्षे अंदाजपत्रके मांडली त्यांना विचारावे!

1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी असे लिहिले. तो आयुर्विम्याबद्दलचा प्रस्ताव होता, आरोग्यविम्याबद्दलचा नव्हे, हे मान्य. पण तर्क तोच आहे: माणसाला सुरक्षितता मिळावी आणि जमलेला पैसा राज्याच्या हाती विकासासाठी यावा. आजच्या योजनेत पैशाची दिशा उलटी आहे. कर आपला, आणि त्यातला मोठा हिस्सा शहरातल्या खाजगी रुग्णालयांकडे जातो. शिवाय योजना प्रामुख्याने दाखल होण्याचा खर्च बघते. साखरेची रोजची गोळी, रक्तदाब, ताप, विंचूदंशाची पहिली सुई हे सगळे गावच्या केंद्रावरच येते.

कार्ड फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. डायलिसिस आणि कर्करोगाच्या उपचारात त्याने माणसे वाचली आहेत. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, तेही चांगलेच झाले. पण भीमजयंतीला आपल्या वस्तीत कार्डवाटपाचे शिबिर भरवून पुढाऱ्यासोबत फोटो काढणे म्हणजे आरोग्याची चळवळ नव्हे. ते काम सेतू केंद्रही करते.

येत्या ग्रामसभेला जाणाऱ्या पोरांनी एक कागद सोबत न्यावा. आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, रात्री डॉक्टर मुक्कामी असतो का, सर्पदंशाची लस शिल्लक आहे का, रुग्णवाहिकेला चालक आहे का. उत्तरे लेखी मागावीत, आणि ती इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय सभेतून उठू नये.