मोट थांबायची, पंप थांबत नाही

शेतीत नवं तंत्रज्ञान आलं की आपण दोनच प्रश्न विचारतो. किंमत किती आणि अनुदान किती? तिसरा राहूनच जातो: हे यंत्र थांबवणार कोण?

आपल्या विहिरींचा इतिहास या नजरेने बघा. पूर्वी पाणी चामड्याच्या मोटेने निघायचं. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाटाने पाणी वाफ्यात जायचं. काम जिवावरचं होतं, माणसाच्या आणि बैलाच्याही. त्याचे गोडवे गायचं कारण नाही. पण बैल दमले की मोट सुटायची आणि रात्रभरात विहीर पुन्हा पाझरायची. उपशाचा नियम कुणी लिहिला नव्हता, तो बैलाच्या दमातच होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आज आपण त्या भीतीला हसतो. पण हे यंत्र जमिनीचं काय करेल, एवढं तरी त्या लोकांनी विचारलं होतं. पुढे इंजिनं आली, विजेच्या मोटारी आल्या, तेव्हा विहिरीचं काय होईल हे फारसं कुणी विचारलं नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअर वाढत गेले. आपला बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा. पाणी असतं ते खडकाच्या फटींत आणि वरच्या मुरमात, तेही थोडकंच. शेजाऱ्याने खोल बोअर मारला की आपली विहीर आटते, मग आपण त्याहून खोल जातो. १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने ज्याची जमीन त्याला खालचं पाणी उपसायचा हक्क दिला. पाण्याला मात्र बांध कळत नाही. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणलं. बोअरच्या गाड्या प्रत्यक्षात किती फुटांवर थांबतात, हे गावोगाव सगळ्यांना ठाऊक आहे.

ठिबक आलं, एकरी पाणी वाचलं. पण बऱ्याच ठिकाणी त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस उभा राहिला.

आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. योजना चांगलीच आहे. रात्रीच्या लाइटीसाठी साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरणाऱ्यालाच दिवसाच्या पाण्याची किंमत कळते. पण यात बिल नाही, लोडशेडिंगही नाही. उपसा थांबवणारं शेवटचं कारणही गेलं. ऊन आहे तोवर पंप चालणार.

मग काय, मोटेकडे परत जायचं? मुळीच नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने रस्ता दाखवलाय. तिथे ठिबक आहे, पंप आहेत. पण शेतीसाठी बोअर बंद आहेत आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. बैलाच्या दमाची जागा तिथे ग्रामसभेने घेतली.

पंप सरकार देईल. तो कुठे थांबवायचा, हे गावालाच ठरवावं लागेल. तुमच्या ग्रामसभेत पाण्याचा हिशोब शेवटचा कधी मांडला होता? कमेंटमध्ये गावाच्या नावासह सांगा.