विमानाच्या चाकाचा पासंग

वाण्याच्या दुकानांतील तागडी जुनी झाली, कीं तिचीं दोन्ही पारडीं सारखीं राहत नाहींत. माल घालण्यापूर्वींच एक पारडें किंचित् झुकतें. मग हलक्या बाजूस खापरीचा तुकडा किंवा दोरीचा वेढा बांधून ती उणीव भरून काढावी लागते. या भरीलाच आपण पासंग म्हणतों. अमका तमक्याच्या पासंगासही पुरणार नाहीं, असें आपण बोलून जातों, तेव्हां पासंग ही किती क्षुद्र वस्तु आहे, हाच भाव मनांत असतो. परंतु आज ज्या चाकाची हकीकत सांगावयाची आहे, त्याच्या बाबतींत या क्षुद्र वस्तूची योग्यता बरीच मोठी आहे. तें चाक म्हणजे दोन-चार माणसें वाहून नेणाऱ्या लहान विमानाचें चाक; आणि त्याचा पासंग शोधून काढणारें साधन पुष्कळदां विमानाच्या मालकानें घरींच तयार केलेलें असतें. कारखान्यांत बनलेल्या वस्तूची परीक्षा घरच्या साधनानें व्हावी, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विपरीत वाटते. पण विमानाचा इतिहास पाहिला म्हणजे तींत नवल राहत नाहीं.

पहिलें आश्चर्य असें, कीं ज्याला आपण सायकलचें चाक म्हणतों, त्याची मूळ कल्पना सायकलसाठीं निघालीच नव्हती. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील ब्रॉम्प्टन येथें सर जॉर्ज केली नांवाचा एक जमीनदार राहत असे. मनुष्याला पंख स्थिर ठेवून उडतां येईल काय, या विचारानें त्याला आयुष्यभर झपाटलें होतें. उडणाऱ्या यंत्राला जमिनीवर धांवण्यासाठीं चाकें हवींत, आणि तीं अत्यंत हलकीं हवींत, हें त्यानें ओळखलें. बैलगाडीच्या चाकांत भार खालच्या आऱ्यांवर दाबानें पडतो, म्हणून आरे जाड व जड ठेवावे लागतात. केलीनें १८०८ सालीं ही रीतच उलटी केली. तुंबा आऱ्यांवर उभा करण्याऐवजीं तो ताणलेल्या दोऱ्यांनीं कडेपासून लटकत ठेवावा, म्हणजे लांकडी आऱ्यांची गरजच उरणार नाहीं, अशी कल्पना त्यानें आपल्या टिपणवहींत लिहून ठेवली. दाबाखालीं बारीक तार वांकते. ताणाखालीं तीच तार मोठा भार सहज पेलते. पुढें १८५३ सालीं, ऐंशीच्या उंबरठ्यावर असतांना, केलीनें बनविलेल्या विमानांतून एक मनुष्य ब्रॉम्प्टनच्या दरीवरून तरंगत गेला. तो केलीचा गाडीवान होता, असें सांगतात.

यानंतर तें ताणाचें चाक आकाशाची वाट सोडून रस्त्यावर आलें. १८७४ सालीं जेम्स स्टार्ले यानें तारा तिरप्या बसविण्याची पद्धत काढली; १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्ट येथें डन्लॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवा भरलेलें रबरी टायर केलें. गांवोगांव सायकलचीं दुकानें निघालीं, आणि चाक फिरवून त्याचा बांक काढणारा, बोटाच्या टोकानें तारेचा ताण ओळखणारा एक नवा कारागीर जन्मास आला. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील डेटन या गांवीं असेंच एक दुकान होतें. त्याचे मालक विल्बर व ऑर्व्हिल राइट हे दोघे बंधु.

राइट बंधूंचें नांव घेतलें कीं १७ डिसेंबर १९०३ चें उड्डाण आठवतें. पण त्याच्या दोन वर्षें आधींचा त्यांचा एक प्रयोग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. १९०१ सालच्या त्यांच्या विमानाला हिशेबाच्या मानानें फारच थोडी उचल मिळाली होती. हिशेब चुकला, कीं ज्या कोष्टकांवरून तो केला तीं चुकलीं? याचा निकाल लावण्यासाठीं त्यांनीं एका सायकलच्या पुढच्या बाजूस एक तिसरें चाक आडवें बसविलें. तें मोकळेपणीं फिरूं शकत असे. त्याच्या कडेवर एक चपटी पट्टी आणि एक पंखासारखी वक्र पट्टी अशीं जोडली, कीं वाऱ्याचा जोर दोघींवर पडला म्हणजे एकीनें चाक एका अंगास फिरवावें व दुसरीनें विरुद्ध अंगास. मग सायकल जोरानें हांकीत ते डेटनच्या रस्त्यांतून फिरले. प्रसिद्ध कोष्टकांप्रमाणें वक्र पट्टी पांच अंशांवर ठेवली असतां चाक तटस्थ राहावयास हवें होतें. प्रत्यक्षांत तें तटस्थ राहण्यास सुमारे अठरा अंश लागले.

या प्रयोगाचें मर्म नीट लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या चाकानें वाऱ्याचा जोर मापला नाहीं. दोन जोर सारखे आहेत कीं नाहींत, एवढेंच त्यानें सांगितलें. मोकळेपणीं फिरणारें चाक ही एक तागडीच आहे. तिला आंकडे ठाऊक नसतात. कोणती बाजू भारी, इतकेंच ती दाखविते, आणि पुष्कळ वेळां तेवढें पुरतें. पुढें त्याच बंधूंनीं सहा फूट लांबीची लांकडी पेटी केली, तींत पंख्यानें वारा सोडला, आणि करवतीचीं जुनीं पातीं व सायकलच्या तारा यांपासून बनविलेल्या नाजूक तराजूंवर लहान लहान पंख पारखले. तेव्हां निराळाच दोष उघडकीस आला. लिलिएन्थाल या जर्मन उड्डाणपटूचीं कोष्टकें फारशीं चुकलेलीं नव्हतीं. हवेच्या दाबाचा जो जुना गुणक सर्व जण डोळे मिटून वापरीत आले होते, तोच फाजील होता. दोष मालांत नव्हता, मापांत होता. घरीं साधन करणाऱ्यानें हा धडा विसरतां कामा नये.

राइट बंधूंच्या पहिल्या विमानाला मात्र चाकें नव्हतीं. तें एका रुळावरून निघालें आणि लांकडी घसरपट्ट्यांवर उतरलें; रुळावरील आधाराला सायकलचे तुंबे होते, इतकेंच. स्वतःच्या चाकांवर धांवत जाऊन विमान उडविण्याचें श्रेय पॅरिस येथें सांतोस द्युमों यानें २३ ऑक्टोबर १९०६ रोजीं मिळविलें. १९०९ सालीं इंग्लिश खाडी ओलांडून गेलेल्या ब्लेरिओच्या विमानालाही तारांचींच चाकें होतीं. केलीनें ज्यासाठीं तें चाक कल्पिलें होतें, त्या ठिकाणीं तें अखेर सुमारें शंभर वर्षांनीं परत आलें. पुढें तारा गेल्या, धातूचीं ओतीव चाकें आलीं. पण पासंगाचा प्रश्न राहिला, किंबहुना वेगाबरोबर वाढला.

तो किती वाढतो, याचा हिशेब घरबसल्या करतां येतो. १९५६ सालीं बाजारांत आलेलें सेस्ना १७२ हें जगांत सर्वांत अधिक संख्येनें बनलेलें विमान. त्याच्या मुख्य चाकाचा व्यास टायरसह साधारण ४४ सेंटिमीटर असतो. ताशीं १०० किलोमीटर वेगानें तें जमिनीवर टेंकलें, तर अधांतरीं निश्चल असलेल्या चाकाला क्षणार्धांत सेकंदास सुमारें २० फेरे घ्यावे लागतात. अशा चाकाच्या परिघाजवळ केवळ ३० ग्रॅम वजन एका अंगास जास्त असलें, तर तें नऊ किलोंहून अधिक वजनाच्या जोरानें चाकाला बाहेर ओढतें. आणि ही ओढ दर सेकंदास वीस वेळां दिशा पालटते. एवढ्याशा वजनाला नऊ किलोंचें बळ येतें, तें असें! विमान जमीन सोडतें तेव्हांही चाक कांहीं वेळ फिरत राहतें, आणि तो थरकांप सगळ्या सांगाड्यांत जाणवतो. वैमानिक हलकेच ब्रेक दाबतो, थरकांप थांबतो. पण दोष जागच्या जागीं राहतो. तो दिवसेंदिवस बेअरिंगें, बोल्ट आणि सांधे यांना सैल करीत असतो.

हा विषम भार येतो कोठून? कोणतेंही टायर सर्व बाजूंनीं तंतोतंत सारखें नसतें. विमानाच्या टायरवर कारखानदार एक तांबडा ठिपका देतो. तो त्याची हलकी बाजू दर्शवितो. ट्यूबवर तिच्या जड बाजूची खूण असते. नसेल तर हवा भरण्याची नळी हीच जड बाजू मानतात. ठिपका व खूण समोरासमोर आणून बसविलीं, म्हणजे एकाचें उणें दुसऱ्याच्या अधिकानें बरेंचसें भरून निघतें. तरीही जें थोडें उरतें, तें शोधण्यासाठीं साधन लागतें.

चाक त्याच्या स्वतःच्याच बेअरिंगांवर फिरवून पाहिलें तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. त्या बेअरिंगांत घट्ट वंगण भरलेलें असतें. त्याच्या चिकटपणामुळें थोडा विषम भार चाकाला हलवूं शकत नाहीं, आणि दोष असूनही चाक निर्दोष भासतें. म्हणून घरचें साधन असें करतात: पोलादाचा एक सरळ दांडा घ्यावयाचा. त्यावर दोन शंकु बसवावयाचे. तुंब्याच्या दोन बाजूंस बेअरिंगांच्या ज्या वाट्या असतात, त्यांत हे शंकु घट्ट बसले कीं चाक बरोबर मध्यावर येतें. दांड्याचें प्रत्येक टोंक दोन लहान बेअरिंगांच्या बेचक्यांत टेंकवावयाचें; या बेअरिंगांतील घट्ट वंगण धुऊन काढून एखादा थेंब पातळ तेल सोडलें, म्हणजे तीं फुंकरीनेंही फिरतात. खालीं लांकडाची भक्कम घोडी, आणि दांडा आडवा समतळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास पाणसळ. एवढीच सामग्री.

चाक हलकेच सोडून दिलें, कीं तें पुढें-मागें झुलतें आणि जड बाजू खालीं आणून थांबतें. तेथें खडूनें खूण करावयाची. वरच्या, म्हणजे हलक्या बाजूस रिमवर चिकटपट्टीनें थोडें वजन लावून खूण आडवी आणावयाची व चाक पुन्हां सोडावयाचें. खूण खालीं गेली तर वजन कमी, वर गेली तर जास्त. असें करतां करतां एक क्षण असा येतो, कीं चाक जेथें सोडावें तेथेंच राहतें. मग तितक्याच वजनाची पट्टी कायमची चिकटवावयाची, ब्रेकला कोठेंही न घासेल अशा बेतानें.

परंतु त्यापूर्वीं एक परीक्षा आणखी हवी, आणि ती साधनाची. दांडाच वांकडा असेल, तर तो आपला दोष चाकाच्या माथीं मारील. म्हणून चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवून बसवावें व पुन्हां सोडावें. चाकावरील तीच खूण खालीं आली, तर दोष चाकाचा. दांड्याची तीच बाजू खालीं आली, तर दोष आपल्या कारागिरीचा. सुज्ञ गिऱ्हाईक पारडीं अदलाबदल करून तागडी पारखतें, तिचीच ही रीत. घरचें साधन विश्वासास पात्र ठरतें तें महाग असल्यामुळें नव्हे. त्याला स्वतःचा दोष कबूल करावयास लावतां येतो, म्हणून.

या साधनाच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. पुढचें चाक धांवपट्टीवर डावी-उजवीकडे थडथडूं लागतें, तेव्हां त्याचें कारण पासंगच असेल असें नाहीं. ढिले सांधे, निकामी झालेला धक्काशोषक, टायरमधील हवेचा चुकीचा दाब हींही कारणें असतात, आणि वजनाची पट्टी त्यांवर उपाय नव्हे. भलतेंच मोठें वजन लावावें लागत असेल, तर टायर बसविण्यांतच चूक झाली आहे असें समजून तें उकलून पाहावें. आणि उकलतांना एक गोष्ट कदापि विसरूं नये: लहान विमानाचें चाक दोन भागांचें असून तें बोल्टांनीं जोडलेलें असतें. आंतील हवा पूर्ण सोडल्यावांचून ते बोल्ट ढिले केल्यास दोन्ही भाग तोफेच्या गोळ्यासारखे उडतात. या घाईपायीं माणसें प्राणांस मुकलीं आहेत.

इतकी जोखीम असतां हें काम मालकाच्या हातीं कां द्यावें? अमेरिकेंत वैमानिकाला आपल्या खाजगी विमानाचें टायर स्वतः बदलण्याची कायद्यानें मुभा आहे. मात्र केलेल्या कामाची सहीनिशीं नोंद ठेवावी लागते. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं विस्कॉन्सिन संस्थानांत घरीं विमान बांधणाऱ्यांची एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था काढली, आणि अशा कामांतील अनुभव एकमेकांस सांगण्याची परंपरा वाढली. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें. तें २०१६ सालीं लोकांना पाहावयास मिळालें, आणि पुढें त्याची सरकारदरबारीं नोंदणीही झाली. ज्याला त्या विमानांत बसावयाचें आहे, त्याच्याहून अधिक काळजीनें तें चाक कोण पारखणार?

पासंग हा शब्द आपल्या बोलण्यांत थोडा बदनाम झाला आहे, कारण लबाड दुकानदार तो गिऱ्हाइकाच्या नजरेआड बांधतो. विमानाच्या चाकावरील पासंग त्याच्या नेमका उलट आहे. तो मोजून, सर्वांस दिसेल असा लावलेला असतो, आणि त्याची वहींत नोंद असते. रिमवर चिकटविलेली ती लहानशी पट्टी पाहून दुसरा कोणीही कारागीर तें चाक पुन्हां घोडीवर चढवूं शकतो, हलकेच सोडूं शकतो, आणि तें जेथें सोडलें तेथेंच राहतें कीं नाहीं, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं शकतो.