पिसाळलं की म्हातारं झालं?

आजचा भाग कुत्र्यांवर आहे. पण पिल्लांच्या रील्ससारखा गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

धाराशिव तालुक्यातलं बेंबळी घ्या, नाहीतर तुमचं गाव घ्या. गोठ्यावर राखणीला असलेला मोती आता तेरा वर्षांचा झालाय. एक दिवस तो भिंतीकडे तोंड करून नुसताच उभा राहतो. दार उघडं असतं, पण हा बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायला बघतो. दिवसभर झोपतो आणि रात्री दोनला उठून उगाच भुंकतो. रोज भाकरी टाकणाऱ्या आजीवरच गुरगुरतो. गाव काय म्हणणार? पिसाळलं! हा शब्द एकदा गल्लीत फिरला की काठ्या बाहेर यायला वेळ लागत नाही.

या शब्दाचं वजन फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराचं वर्णन आहे: शेपूट लोंबतं, जबडा आणि खांदे सैल पडतात, लाळ गळते, ते बहिरं-आंधळं झाल्यासारखं होतं आणि दिसेल त्याच्या अंगावर धावतं. शेकडो वर्षांपूर्वी हे इतकं नेमकं टिपलं, कमाल आहे. पण त्यातलं 'बहिरं-आंधळं' परत ऐका. आपला तेरा वर्षांचा मोती त्यात अर्धा बसतोच की! डोळ्यांत मोतीबिंदू, कानाला ऐकू येत नाही, मागून कुणी हात लावला तर दचकून चावायला येतो. रेबीजची खूण आणि म्हातारपणाची खूण एकमेकींत मिसळतात, ती अशी.

आणि लोकांची भीती खोटी नव्हती. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, आजही जवळजवळ नाहीच. पाश्चरने पॅरिसमध्ये पहिल्यांदा माणसाला लस दिली ती १८८५ साली. त्याआधी कुत्र्यावर संशय आला की एकच उपाय होता, मारून टाका.

हा उपाय सरकारी कसा झाला, त्यासाठी मुंबईला जावं लागेल. कंपनी सरकारच्या १८१३ च्या नियमानुसार उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारायची मुभा होती. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. एका कुत्र्यामागे बक्षीस आठ आणे. आता आठ आणे म्हटल्यावर पिसाळलेलं कोण, आजारी कोण, कुणाच्या दारातलं पाळलेलं कोण, हे बघत कोण बसणार? ६ जूनला फोर्ट भागात पारशी लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याला दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. दुकानं बंद झाली, इतर समाजाचे लोकही सामील झाले आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुंबईची ही एक पहिली मोठी दंगल, आणि कारण काय तर कुत्री! जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी मग अर्ज केला की कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन सोडा.

कुत्र्याचा मान फक्त पारशांकडेच होता असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आहे. कुत्रं हा त्या देवाचा सोबती, आणि वाघ्या म्हणजे देवाचं कुत्रं होऊन राहिलेला भक्त. पण गंमत बघा, आपल्या गोष्टींतलं कुत्रं कायम तरणंताठं असतं. ग्रीकांच्या ओडिसीमध्ये एक म्हातारं कुत्रं आहे, अर्गोस. वीस वर्षांनी परतलेल्या मालकाला ते ओळखतं आणि प्राण सोडतं. म्हणजे तिथेही म्हातारं कुत्रं लक्षात राहिलं ते त्याची आठवण शाबूत होती म्हणून. मालकाला विसरलेल्या कुत्र्याची गोष्ट कुणी सांगितली नाही.

डॉक्टरांनीही उशीराच बघितलं. मुंबईत व्हेटर्नरी कॉलेज १८८६ ला सुरू झालं, पण त्या काळात जनावरांचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः घोडे आणि गुरं. शिवाय रस्त्यावरचं कुत्रं म्हातारं होईपर्यंत जगायचंच कमी. मेंदू उघडून बघितल्यावर चित्र बदललं. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूत साचतात तेच प्रथिन. माणसात पेशींच्या आत जे गुंते होतात, ते कुत्र्यात सहसा सापडत नाहीत, म्हणून दोन्ही आजार एकच आहेत असं म्हणता येत नाही. पण नातं जवळचं आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत यासाठी सेलेजिलीन या औषधाला मंजुरी मिळाली. मुळात ते माणसांच्या पार्किन्सन्सवरचं औषध. त्याने आजार जात नाही, काही कुत्र्यांना जरा बरं वाटतं इतकंच.

आकडे ऐका. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००१ मध्ये छापलेल्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये या आजाराचं किमान एक लक्षण होतं. १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांमध्ये ६८ टक्के! म्हणजे तीनातल्या दोघांना. लक्षणं लक्षात ठेवायला तिकडच्या डॉक्टरांनी इंग्रजी आद्याक्षरांचा एक शब्द केला, आणि तो वाचायला निघाला 'दिशा'. वाट चुकणं, माणसांशी वागणं बदलणं, झोपेचं चक्र उलटं होणं, घरात घाण करणं, हालचाल बदलणं. दिशा हरवलेल्या कुत्र्यासाठी 'दिशा'! त्यांना मराठी येत नव्हतं, नाहीतर मुद्दाम केलं असं वाटलं असतं.

मग गोठ्यावरच्या मोतीचं काय? फरक वेगात आहे. रेबीज झालेलं कुत्रं झपाट्याने ढासळतं आणि लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांत मरतं. म्हातारपणाचं विसरणं महिनोन्‌महिने हळूहळू वाढतं. म्हणून २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत रेबीजचा दाट संशय असलेलं कुत्रं वेगळं ठेवायला सांगितलं होतं, काठीने मारायला नव्हे. पण अंदाज घरबसल्या बांधू नका. वागणं अचानक बदललं, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर जवळ जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. कुत्रं म्हातारं आहे, घरचं आहे, ही सबब चालत नाही.

आणि मोतीला दरवर्षी रेबीजची लस दिली असेल, तर तो कागद जपून ठेवा. गल्लीत 'पिसाळलं' म्हणून ओरडा झाला की डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील. खाट, पाण्याचं भांडं, बांधायचा खुंटा यांच्या जागा बदलू नका. हाक ऐकू येत नसेल तर समोरून जा, मागून नको. रात्री एक छोटा बल्ब चालू ठेवा, अंधारात तो जास्त घाबरतो. सकाळ-संध्याकाळ बांधावरून हळूहळू फिरवून आणा, ओळखीच्याच वाटेने.