टर्बो बदलण्याआधी व्हॅक्यूम सोलेनॉइड व्हॉल्व्ह तपासा

बोळिंजहून विरार फाट्यापर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये डिझेल गाडीला काही जाणवत नाही. हायवेला लागून पुढे गायमुख घाटात चढायला लागली की मात्र पिकअप गायब होतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. बंद करून परत स्टार्ट केली की थोडा वेळ ठीक चालते. स्कॅनर लावला की पी ०२९९ हा कोड येतो आणि मेकॅनिक म्हणतो, "टर्बो गेला." पण या कोडचा अर्थ फक्त एवढाच, की टर्बोचं प्रेशर कमी पडतंय. का कमी पडतंय, ते कोड सांगत नाही.

डिझेल इंजिनला व्हॅक्यूम पंप वेगळा असतो. अनेक गाड्यांत त्या पंपाचं व्हॅक्यूम एका छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून टर्बोच्या ॲक्च्युएटरला मिळतं. इंजिनचा कॉम्प्युटर या व्हॉल्व्हला सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद करून व्हॅक्यूम कमी-जास्त करतो. (टर्बोला इलेक्ट्रिक मोटर असेल तर हा लेख तुमच्या गाडीसाठी नाही.)

सुरुवात रबरी पाईपपासून करा, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. इंजिनच्या उष्णतेने पाईप कडक होऊन टोकाला चिरतो, आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर तर आहेतच. पाईप काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. व्हॉल्व्हवरचे दोन पाईप उलटे बसले तर नवा व्हॉल्व्हही काम करणार नाही.

मग हँड व्हॅक्यूम पंप थेट ॲक्च्युएटरला लावा. दांडी न अडकता सरकली आणि व्हॅक्यूम टिकलं, तर ॲक्च्युएटर चांगला आहे. दांडी सरकलीच नाही किंवा सुई खाली आली, तर दोष टर्बोच्या बाजूला. ॲक्च्युएटर ठीक निघाला तर व्हॉल्व्हकडे येणाऱ्या पाईपला गेज लावून इंजिन आयडलवर ठेवा. आपल्याकडे समुद्रसपाटीला साधारण २५ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम दिसायला हवं. फारच कमी असेल तर पंप किंवा पाईप बघा. ब्रेकच्या बूस्टरलाही हेच व्हॅक्यूम लागतं. त्यामुळे पेडल दगडासारखं कडक लागत असेल, तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करा.

व्हॅक्यूम व्यवस्थित येतंय, पण पुढे जात नाही? मग व्हॉल्व्ह, नाहीतर त्याची वायरिंग. कनेक्टर काढून आत हिरवा गंज आहे का ते बघा. अर्नाळ्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यात तुंबणारं पाणी, दोन्ही आपल्या वाट्याला आहेतच. मल्टीमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. १० ते ४० ओहमच्या दरम्यान बऱ्याच व्हॉल्व्हचा येतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. बॅटरीच्या वायरी थेट लावून "टक" आवाज ऐकायची पद्धत सर्रास चालते, पण आवाज येऊनही व्हॉल्व्ह आतून लीक असू शकतो, आणि जास्त वेळ १२ व्होल्ट दिले तर कॉइल तापते. व्हॉल्व्हचा हवेचा फिल्टर धुळीने बंद झाला असेल, तर तो साफ करून आधी ट्रायल घ्या.

काम झाल्यावर कोड पुसा आणि ट्रायल चढावरच घ्या. आयडलवर हा दोष दिसतच नाही.