वाणी आणि न्याय

भामरागडच्या जंगलातील हेमलकसा येथे शिकवताना एक गोष्ट रोज जाणवते. येथील मुलांची घरची बोली माडिया, शाळेची भाषा मराठी आणि हायकोर्टाची इंग्रजी. ज्याला कोर्टाची भाषा येत नाही, त्याची बाजू कोणी मांडावी? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या साम्राज्यातही होता.

मार्कस सिसेरो (इ. स. पू. १०६ ते ४३) हा आर्पिनम या लहान गावचा. विद्या व वाणी एवढेच त्याचे भांडवल. व्हेरेस नावाच्या सुभेदाराने सिसिलीच्या प्रजेला लुटले, तेव्हा त्या प्रजेने आपली कैफियत सिसेरोकडे सोपवली. इ. स. पू. ७० मध्ये त्याने असे बिनतोड पुरावे मांडले की, निकालापूर्वीच व्हेरेस रोम सोडून गेला. पुढे इ. स. पू. ६३ मध्ये सिसेरो स्वतः कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी झाला. कॅटिलाइनचा कट त्याने उघडकीस आणला; परंतु पकडलेल्या पाच जणांना खटला न चालवताच देहदंड दिला. कायद्याचा कैवारी सत्तेवर येताच कायदा विसरला! त्यापायी इ. स. पू. ५८ मध्ये त्याला देशत्याग करावा लागला.

आता आपल्या मुंबईकडे पाहू. बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४ ते १९०६) हे १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९५ साली ते न्यायमूर्ती झाले.

त्यांची खरी कसोटी १८९७ च्या ऑगस्टमध्ये लागली. राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळक अटकेत होते व त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. तय्यबजी नेमस्त, टिळक जहाल. शिवाय सरकारची नाराजी उघड होती. तरीही आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे, हे जाणून तय्यबजींनी जामीन दिला. टिळकांच्या वतीने त्या वेळी युक्तिवाद करणारे वकील होते दिनशा दावर. हेच दावर न्यायमूर्ती झाल्यावर, १९०८ साली, त्यांनी टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा सुनावली.

तात्पर्य असे की, वाणी सिसेरोकडे होती, दावरांकडे होती, तय्यबजींकडेही होती. परंतु अधिकार हाती आल्यावर, ज्याच्याशी आपले मत जुळत नाही त्यालाही कायद्याचे संरक्षण देणे हे तय्यबजींना साधले. आपण मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी जरूर तयार करावे, पण बक्षीस मिळाल्यावर त्यांना एवढे अवश्य विचारावे, "ही वाणी उद्या तू कोणासाठी वापरणार?"